एका नावावर दोन दावे : डोमेन वादांची नोंदवही

आजचा विषय कायद्याचा वाटेल, पण आम्ही वकील नाही. आमचा आयुष्यभराचा विषय तत्त्वज्ञान, आणि त्यातही एक जुना प्रश्न : नाव आणि त्या नावाने ओळखली जाणारी वस्तू, यांचं नातं काय? निवृत्तीनंतर आम्ही दोघं-तिघं समवयस्क मंडळींनी एक उद्योग हाती घेतला. इंटरनेटवरच्या नावांवरून, ज्यांना डोमेन नाव म्हणतात त्यांवरून, जे वाद झाले त्यांचे निर्णय वाचायचे आणि एका जाड नोंदवहीत टिपून ठेवायचे. आज त्या नोंदवहीची पानं आपल्यासमोर उलटणार आहोत.

हा विषय समजावून सांगायला कर्जतइतकं सोयीचं गाव दुसरं नाही. महाराष्ट्रात तालुक्याची कर्जतं दोन. एक आपलं, नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं. दुसरं रायगडातलं, मुंबई-पुणे लोहमार्गावरचं. मुंबईच्या माणसाला नुसतं ‘कर्जतला या’ म्हटलं की तो लोकलचं वेळापत्रक काढतो. मग सांगावं लागतं की बाबा, आमच्या गावाला स्टेशन नाही, तू एसटीनं ये, राशीनच्या यमाईजवळचं कर्जत. पण टपालखात्याचं काही अडत नाही. आपला पिन ४१४४०२, त्यांचा ४१०२०१. जिल्हा वेगळा, आकडा वेगळा. दोन्ही गावं एकच नाव सुखानं वापरतात आणि कोणी कोणावर दावा लावत नाही.

इंटरनेटवर ही सोय नाही. तिथे एका शेपटीखाली, म्हणजे समजा डॉट कॉमखाली, ‘कर्जत’ हे नाव एकदाच देता येतं. एका कर्जताला मिळालं की दुसऱ्याला नाही. आणि देताना तू कोण, हे नाव तुझं कशावरून, असं विचारत नाहीत. जो आधी येईल आणि फी भरेल, त्याचं. सगळा इतिहास या एका नियमातून निघालेला आहे.

नावाची चोरी नवी आहे असं मात्र समजू नका. पुण्यातल्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे, तिच्यावर विनोदही केले आहेत. पण ती पाटी लावणाऱ्याचं दुःख खरं असतं. शेजारच्या गल्लीत कोणीतरी त्याच्याच नावाचा बोर्ड लावून पेढे नाहीतर चिवडा विकत असतो. आपला माल दुसऱ्याचा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं, याला कायद्यात ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. नाव सरकारदरबारी नोंदलेलं नसलं तरी हा दावा करता येतो. हे लक्षात ठेवा, कारण भारतात सुरुवातीची सगळी भिस्त याच जुन्या तत्त्वावर होती.

अमेरिकेतली सुरुवात थोडक्यात सांगतो. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर नावाच्या पत्रकाराने मॅकडोनाल्ड्सचं डॉट कॉम नाव स्वतःच नोंदवून घेतलं आणि त्यावर ‘वायर्ड’ मासिकात लेख लिहिला. एवढी मोठी कंपनी, तिला आपलं नाव घ्यायचं सुचलंच नव्हतं. मग व्यापारी डोक्याची माणसं आली. एकाने पॅनाव्हिजन या सिनेमाचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेतलं, त्या पानावर इलिनॉय राज्यातल्या पाना नावाच्या गावाचे विमानातून काढलेले फोटो लावले, आणि कंपनीकडे १३,००० डॉलर मागितले. म्हणजे गावाचं नाव तिथेही कामाला आलं! १९९८ मध्ये अपील कोर्टात तो हरला.

आता आपल्याकडे या. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाकडून. साडेतीन वर्षांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात याहूचा निकाल लागला. दिल्लीतल्या प्रतिवादींनी ‘याहू’ला ‘इंडिया’ जोडून नाव घेतलं होतं. त्यांचा एक बचाव आमच्या फार आवडीचा आहे : इंटरनेट वापरणारा माणूस शिकलेला असतो, तो फसणार नाही. न्यायालयाने तो मानला नाही. दुसरा बचाव जास्त गंभीर होता. तेव्हा लागू होता १९५८ चा कायदा, आणि त्यात ट्रेडमार्क मालाचा असे, सेवेचा नसे. याहू तर कोणताच माल विकत नव्हतं. तिथे पासिंग ऑफ उपयोगी पडलं. ‘आमची कोठेही शाखा नाही’वाल्या पाटीचं तत्त्व अमेरिकन कंपनीच्या मदतीला धावलं म्हणा ना.

आणि दोनच महिन्यांनी, एप्रिल १९९९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजित शहा यांच्यापुढे आपला महाराष्ट्रातला खटला आला. रेडिफ. अजित बालकृष्णन यांनी मुंबईत १९९६ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ. नावाचं मूळ ‘रेडिफ्यूजन’ या जाहिरात संस्थेत. प्रतिवादींनी नाव घेतलं ‘रॅडिफ’. इंग्रजी लिपीत फरक एका अक्षराचा, ‘ई’च्या जागी ‘ए’. ते नाव का घेतलं, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण ऐका. ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरं, ‘इन्फर्मेशन’चं एक, ‘फ्यूचर’चं एक, ‘फ्री’चं एक. जोडा, रॅडिफ तयार! न्यायालयाला ही गोष्ट पटली नाही. निकालाचं सार असं की डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही. त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं.

आता नोंदवहीचं पान पुढे उलटा. सहा मे २००४, सर्वोच्च न्यायालय, न्यायमूर्ती रुमा पाल. सत्यम इन्फोवेची ‘सिफी’ विरुद्ध बंगळूरूची ‘सिफ्फी’, इंग्रजीत एक ‘एफ’ जादा. बंगळूरूच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लावली. डोमेन नावांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नसला तरी पासिंग ऑफच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, हे या निकालाने देशभरासाठी पक्कं झालं. इथेही प्रतिवादींनी नावाची कथा सांगितली होती : पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं घेतली. इथेही ती टिकली नाही.

हे दोन्ही निकाल आम्ही वेगवेगळ्या वेळी वाचले होते. वहीत समोरासमोर आले तेव्हा लक्षात आलं की पाच वर्षांच्या अंतराने दोन न्यायालयांपुढे एकच प्रकारची गोष्ट आली आहे. मग आम्ही एक रकानाच पाडला, त्याला नाव दिलं ‘बारशाची गोष्ट’. बाळाचं नाव ठेवताना आत्या कानात कुर्र करते, तेव्हा चार बायका साक्षीला असतात. इथे मात्र बारसं कोणी पाहिलेलं नाही. नोटीस आल्यावर सांगितलं जातं. म्हणून न्यायाधीश विचारतो, ही कथा दावा लागण्याआधी कुठे कागदावर होती का? नाव घेणाऱ्यानं ज्या दिवशी नाव घेतलं त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं, हा खरा वादाचा मुद्दा, आणि मनात काय होतं हे कळायला मागे राहिलेल्या खुणांखेरीज साधन नाही.

अशा निकालांची यादी कोण ठेवतं, असं आपण विचाराल. न्यायालयाचे निकाल कायद्याच्या अहवालांत छापले जातात. पण १९९९ मध्ये एक वेगळीच यंत्रणा उभी राहिली. जगभरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने एक समान धोरण केलं, यूडीआरपी. त्याखाली न्यायालयात न जाता लवादापुढे तक्रार करता येते. बहुसंख्य तक्रारी जातात जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे. २ डिसेंबर १९९९ ला तिथे पहिली तक्रार दाखल झाली, कुस्त्यांचे कार्यक्रम करणाऱ्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनची. कॅलिफोर्नियाच्या एका माणसाने त्यांचं नाव घेऊन १,००० डॉलरला विकायला काढलं होतं. १४ जानेवारी २००० ला निर्णय झाला आणि नाव कंपनीकडे गेलं. त्या प्रकरणाचा क्रमांक डी१९९९-०००१. अक्षर, वर्ष, चार आकडी अंक. ग्रंथपालाचं मन प्रसन्न व्हावं इतकी स्वच्छ पद्धत! २००० या एका वर्षात तिथे १,८५७ तक्रारी आल्या, आणि २०२० मध्ये एकूण संख्या ५०,००० वर गेली. त्या पहिल्याच वर्षीच्या तक्रारदारांत मुंबईची बेनेट कोलमन कंपनीही होती. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘इकॉनॉमिक टाइम्स’ या नावांना पुढे इंग्रजी ‘द’ जोडून कोणीतरी ती घेतली होती. कंपनीला ती मिळाली.

निर्णय सगळे खुले आहेत, विषयवार सूचीही आहे. मग आमच्या वहीची गरज काय? गरज अशी की ती सूची वकिलाच्या प्रश्नांनी लावलेली आहे. साधर्म्य आहे का, हक्क आहे का, हेतू वाईट आहे का. आम्हाला सूची हवी होती शब्दाची. आडनाव कुठे, गावाचं नाव कुठे, देवाचं कुठे, नेहमीच्या बोलण्यातला शब्द कुठे. तेच निर्णय या क्रमाने लावले की वेगळा इतिहास दिसतो.

पण आधी एका अव्ययाबद्दल बोललं पाहिजे. तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे टाळता येत नाही, क्षमा असावी. यूडीआरपीत तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव आपल्या चिन्हासारखं आहे. समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही. आणि नाव वाईट हेतूने नोंदवलं ‘आणि’ वाईट हेतूने वापरलं जात आहे. आपल्या डॉट इन नावांसाठी २००५ मध्ये जे धोरण झालं, आयएनडीआरपी, त्यात तिसऱ्या अटीत ‘किंवा’ आहे. नोंदवलं किंवा वापरलं. वर्गात आम्ही मुलांना सांगायचो की ‘आणि’ खरं व्हायला दोन्ही पाय लागतात, ‘किंवा’ एका पायावर उभा राहतो. इथे त्या एका पायावर माणसाचं नाव जातं किंवा राहतं. समजा तुम्ही दहा वर्षांपूर्वी अगदी निर्मळ मनाने एक नाव घेतलंत आणि नंतर कधी त्याचा गैरवापर झाला. तर जिनिव्हाच्या नियमाने तुमच्यावरची तिसरी अट पूर्ण होत नाही, आपल्या नियमाने होऊ शकते.

‘आणि’ची अडचण लवादांनाही लगेच जाणवली. फेब्रुवारी २००० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टेल्स्ट्रा या दूरध्वनी कंपनीचं प्रकरण आलं. प्रतिवादीने टेल्स्ट्राचं डॉट ऑर्ग नाव घेतलं, खोटा पत्ता दिला, ओळख लपवली, आणि मग काहीच केलं नाही. पान नाही, विक्री नाही, शुकशुकाट. नोंदवण्यातला हेतू वाईट हे कळतं, पण ‘वापर’ कुठे आहे? लवादाने ठरवलं की काही परिस्थितींत नुसतं धरून बसणं हाही वापरच. पुढच्या असंख्य निर्णयांनी याचा आधार घेतला. आमच्या वैशेषिकांनी अभावाला पदार्थ मानलं आणि त्याचे चार प्रकार केले, तेव्हा पाश्चात्त्य मंडळींना ते शब्दांचे खेळ वाटले. इथे मात्र अभावावरून मालकी फिरली.

आता शब्दांकडे येऊ. हा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इथे आपल्या भाषेचा संबंध येतो.

‘नौकरी’ हा शब्द कोणाचा? २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न आला. इन्फो एज कंपनीचं ‘नौकरी’ डॉट कॉम १९९७ पासूनचं. प्रतिवादीने इंग्रजीत ‘आर’च्या आधी एक ‘ए’ जादा घालून नाव घेतलं आणि त्यावर येणारी माणसं आपल्या नोकरीविषयक संकेतस्थळाकडे वळवली. आता गंमत बघा. हिंदी शब्द रोमन लिपीत लिहिण्याचा एकच बरोबर मार्ग नाही. दोन्ही स्पेलिंगं एकाच शब्दाची. तरी न्यायालयाने मनाई दिली. वर्णनपर शब्द असला तरी तो या कंपनीशी जोडला गेला आहे आणि समोरच्याने लोकांच्या टायपिंगच्या चुकीवर दुकान मांडलं आहे, असा त्याचा रोख.

दुसरं उदाहरण ‘शादी’. मुंबईच्या पीपल इंटरअॅक्टिव्ह कंपनीचं विवाहजुळणीचं संकेतस्थळ. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘शादी ही शादी’ अशा नावाच्या प्रतिवादीला रोखलं. तिथे मूळ कंपनीच्या खुणा आपल्या पानात दडवून गिऱ्हाईक पळवण्याचा प्रकार होता. आणि २०१६ मध्ये त्याच न्यायमूर्तींनी ‘सेकंड शादी’ या नावाविरुद्ध त्याच कंपनीला अंतरिम मनाई नाकारली. कारण ‘शादी’ म्हणजे लग्न. लग्नं जुळवणाऱ्याने तो शब्द वापरला तर त्यात नवल काय, आणि मागे डॉट कॉम लावल्याने नेहमीचा शब्द कोणाची खासगी मिळकत होत नाही. वकील मंडळी म्हणतील की दोन निकालांतली वस्तुस्थिती वेगळी होती. होतीच, आणि तेच महत्त्वाचं आहे. पहिल्यात अडवलं ते कृत्य, दुसऱ्यात मोकळा ठेवला तो शब्द. आम्हाला विचाराल तर २०१६ चा निकाल हा या वहीतला सगळ्यात शहाणा निकाल आहे. जिनिव्हातही असं झालं होतं. २००० मध्ये गायक स्टिंग यांनी आपल्या नावाच्या डॉट कॉमसाठी तक्रार केली आणि ते हरले, कारण ‘स्टिंग’ म्हणजे डंख, तो शब्दकोशातला शब्द आहे. पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही एका बाजूला असताना शब्दकोश जिंकला.

गावांच्या नावांचं काय? २००० मध्येच बार्सिलोनाच्या नगरपरिषदेने शहराच्या नावाचं डॉट कॉम मागितलं. लवादाने दिलं. पण ज्याच्याकडे ते नाव होतं तो अमेरिकन न्यायालयात गेला, आणि २००३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने निर्णय उलटवला : केवळ भौगोलिक नाव कोणाचा ट्रेडमार्क होत नाही. लवादाचा शब्द शेवटचा नसतो, हे या प्रकरणात दिसतं. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. जुन्या नावाने घेतलेले पत्ते आहेत, नवं नाव रोमन लिपीत लिहायच्या तऱ्हा अनेक. हे सगळे वाद होतीलच असं नाही, पण वहीत पानं कोरी ठेवली आहेत.

इथे डॉट इनचा थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याचं माहेरही मुंबई. १९८९ मध्ये हे नाव भारताला मिळालं तेव्हा त्याचा कारभार मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. नियम कडक, कागदपत्रं पुष्कळ; २००४ पर्यंत सारी मिळून सुमारे ७,००० नावं दिली गेली. वादाला जागाच नव्हती. २००५ च्या जानेवारीत दार उघडलं, आधी ट्रेडमार्कवाल्यांना आणि फेब्रुवारीत सगळ्यांना, आणि त्याच वर्षी वाद मिटवायचं धोरणही आलं. आता हे काम ‘निक्सी’ ही संस्था पाहते.

आता वहीत जे नाही त्याबद्दल. कारण इतिहास लिहिणाऱ्याने नोंदीइतकंच गाळलेल्या जागांकडे पाहायचं असतं.

पहिली गाळलेली जागा तडजोडीची. दोघांनी बाहेर मिटवलं तर न्यायालयात दोन ओळींचा आदेश राहतो आणि लवादापुढे तक्रार मागे घेतल्याची नोंद. पैसे कोणी कोणाला दिले, नाव का सोडलं, काही कळत नाही. दुसरी जागा मोठी आहे. जिनिव्हाच्या प्रकरणांत प्रतिवादीला उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. बहुसंख्य प्रकरणांत उत्तरच येत नाही, आणि बहुसंख्य प्रकरणांत तक्रारदार जिंकतो. त्यात खरे लबाड पुष्कळ, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण सगळेच? समजा आपल्या तालुक्यातल्या एखाद्या पोराने आडनावावरून ज्वारीच्या पिठाचं संकेतस्थळ काढलं. एक दिवस ई-मेलवर पंचवीस पानी इंग्रजी मजकूर येतो. तो त्याला जाहिरात वाटतो, नाहीतर फसवणूक. हल्ली बँकेच्या नावाने येणारे मेल उघडू नका असं आपणच पोरांना शिकवलेलं असतं! तो उघडत नाही, २० दिवस जातात. मग वहीत त्याची ओळ येते : ‘उत्तर नाही, नाव हस्तांतरित.’ त्याची बारशाची गोष्ट खरी होती, आडनावच होतं, पण ती कोणी ऐकलेली नाही. तक्रार करणाऱ्याला एका नावासाठी एक सदस्य लवाद घ्यायला १,५०० डॉलर फी लागते, म्हणजे तोही सहज कोणावर उठत नाही. तरी ती रक्कम कंपनीला किरकोळ आणि आपल्या पोराला वकिलापर्यंत पोचायचा खर्चही जड. कंपनीने विनाकारण नाव हिसकावू पाहिलं तर लवाद तसा शेरा मारू शकतो, पण शेऱ्याबरोबर दंड नाही.

म्हणून आम्ही वहीत ‘उत्तर दिलं का’ हा रकाना अगदी पहिला ठेवला आहे, निकालाच्याही आधी. जिथे उत्तर नाही ते प्रकरण आम्ही शब्दाच्या मालकीचा पुरावा म्हणून धरत नाही. एका बाजूनेच बोललेल्या वादात शब्द कोणाचा ते ठरत नाही, कोण गैरहजर होता ते ठरतं. काही अभ्यासक सरसकट आकडे मांडून तक्रारदारांच्या यशाचं प्रमाण सांगतात. ते आकडे खरे असले तरी त्यातून शब्दांबद्दल काही कळत नाही, असं आमचं मत आहे.

शेवटचा मुद्दा देवनागरीचा. ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं, मराठीसकट आठ भाषांसाठी. आत यंत्राला मात्र ते रोमन खुणांतच लागतं. एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी एक अगम्य माळ. पण माणसाला दिसते ती आपली लिपी. इथे ‘ई’ की ‘ए’ हा वाद नाही. इथे ऱ्हस्व-दीर्घाचा वाद आहे, अनुस्वाराचा आहे. ‘कर्जत’ला ती अडचण नाही, पण ‘राशीन’ कोणी ऱ्हस्व लिहितं, कोणी दीर्घ. दोघांना दोन वेगळी नावं मिळू शकतील, आणि उच्चारात कोणालाही फरक कळणार नाही. तेव्हा साधर्म्य कानाने ठरवायचं की डोळ्याने, आणि शुद्धलेखनाचे नियम लवादापुढे पुरावा म्हणून चालतील का, हे प्रश्न येणार आहेत. त्या भागासाठी आम्ही वेगळी वही केली आहे. ज्यांच्याकडे अशी नोटीस आली असेल त्यांनी ती टाकून देऊ नये. आधी २० दिवसांची तारीख मोजावी, दोन ओळींचं का होईना उत्तर द्यावं, नाव केव्हा आणि का घेतलं त्याचा जो कागद सापडेल तो जोडावा. मग एक प्रत आम्हालाही दाखवावी; नाव-गाव झाकून चालेल, तारीख तेवढी राहू द्या.